सोवळ्यातली पाहुणी आणि दाराबाहेरची मी

"तू बाहेरच थांब. तिथूनच सांग," सरांच्या आई म्हणाल्या.

बाहेर म्हणजे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. आत पाटावर मिस रूबी बसल्या होत्या. अमेरिकेहून आलेल्या, सत्तरी गाठलेल्या, काळ्या. पुढ्यात केळीचं पान. गौरी जेवायचा दिवस. सोळा भाज्या, पुरणपोळी, सगळं साग्रसंगीत. त्यांना मराठी येत नाही, आईंना इंग्रजी येत नाही, म्हणून मी दुभाषी. माझी जीभ आत चालत होती. माझे पाय चालत नव्हते.

सरांच्या बायकोनं हळू आवाजात समजूत घातली. "राग मानू नकोस हं. आज आईंचं सोवळं असतं."

"मग यांना कसं चालतं?"

"त्या परदेशी ना गं. त्यांना कुठली आलीये जात?"

मी गप्प बसले. का गप्प बसले, तेही सांगते. सर माझे गाईड. माझ्या पीएचडीचा प्रबंध दोन महिने त्यांच्या टेबलावर होता. एक सही राहिली होती. विषय काय, तर अमेरिकेतल्या एका शहरातली काळ्यांची वस्ती. गोऱ्यांनी रुळांच्या पलीकडे ढकललेली. मिस रूबी त्याच वस्तीतल्या. चर्चच्या तळघरात त्यांनी जुने फोटो, टोप्या, तवे जमवून छोटं संग्रहालय केलंय. सरांनीच त्यांना व्याख्यानाला बोलावलं होतं. त्यांना इथलं घरचं जेवण बघायचं होतं, म्हणून बडोद्यातल्या सुभानपुऱ्याच्या या बंगल्यात आम्ही दोघी. तीन वर्षांत मी पहिल्यांदा या घरात येत होते.

माझे वडील खानदेशातून बडोद्याला आले. रिफायनरीत कंत्राटदाराकडे गटारं साफ करायचे. आई आम्हाला बजावायची, "कोणी आडनाव विचारलं तर गाव सांगायचं." त्या दिवशी बंगल्याच्या दारातही मी गावच सांगितलं. सरांच्या आई म्हणाल्या, "गाव नाही गं, आडनाव काय?" हातात कुंकवाचा करंडा होता. बोट माझ्या कपाळापर्यंत आलेलं. मी आडनाव सांगितलं. बोट तिथूनच मागं गेलं. करंड्याला झाकण लागलं. सरांना माझं आडनाव पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घरी त्यांनी सांगितलं नव्हतं. आणि ऐन वेळी ते विभागातल्या बाकीच्यांना आणायला गाडी घेऊन गेले होते.

दुभाष्याचं काम मला सरांनीच शिकवलं. आपलं काही घालायचं नाही. दुसऱ्याचं काही गाळायचं नाही. बोलणारा 'मी' म्हणाला तर आपणही 'मी' म्हणायचं. 'त्या म्हणतात' वगैरे लावायचं नाही.

आईंनी विचारलं, "तुमच्याकडे सणावाराला काय करतात?"

मिस रूबी खुलल्या. शनिवारी अंगणात मासे तळायचे, सगळ्या गल्लीला पुरतील एवढे. रविवारी चर्चला घालायच्या टोप्यांची तयारी बायका गुरुवारपासूनच सुरू करायच्या. आमचा न्हावी आमचा, डॉक्टर आमचा, वर्तमानपत्र आमचं. मेलेल्यालासुद्धा वाजतगाजत न्यायचो. हे सगळं आमचं, कारण पलीकडे गोऱ्यांत आम्हाला कोणी घेत नव्हतं. मग शहरानं मोठा रस्ता काढला, तो नेमका आमच्या गल्लीवरून. घरं गेली. चर्च तेवढं उरलं.

मग त्या त्यांच्या आईबद्दल बोलल्या. मी उंबऱ्याबाहेरून सांगत गेले. "माझी आई गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करायची. मी तिच्याबरोबर जायचे. आम्ही मागच्या दारानं आत जायचो. सगळं जेवण तिच्या हातचं, पण तिची बशी सिंकखाली वेगळी. मी सहा वर्षांची होते. त्या टेबलाला मी एकदा हात लावला. बाईंनी माझ्यादेखत टेबल धुतलं."

आईंचे डोळे भरून आले. पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "काय माणसं तरी. लेकरू ते. देव कसा क्षमा करेल त्यांना?"

तेही मी इंग्रजीत सांगितलं. शब्दन् शब्द.

मी सहा वर्षांची नव्हते. एकतीस वर्षांची होते. माझ्यासमोर, माझ्याच तोंडून ऐकून बाई रडत होती, आणि मी कुठे उभी आहे हे तिला दिसत नव्हतं.

मिस रूबींना दिसलं. त्यांनी घास खाली ठेवला. "तू तिथे का उभी आहेस? बस की माझ्याशेजारी."

आईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेला इंग्रजी बऱ्यापैकी कळतं, बोलायला जमत नाही. ती चटकन मला म्हणाली, "सांग ना, आज तुझा उपवास आहे म्हणून."

असं मी आयुष्यभर सांगत आलेय. भूक नाही. आत्ताच खाल्लं. घाई आहे. त्यांची लाज राहावी म्हणून मी खोटं बोलायचं. तेवढ्यात माझ्या डोळ्यासमोर ती सही आली. खरंच आली, खोटं कशाला बोलू.

मी इंग्रजीत म्हणाले, "या म्हणतायत, माझा उपवास आहे असं तुम्हाला सांग. माझा उपवास नाही. मला भूक लागली आहे. माझी जात खालची, म्हणून मला आत येऊ देत नाहीत. तुम्हाला जात नाही असं यांना वाटतं, म्हणून तुम्ही आत आहात."

आणि मग हेच सगळं आईंना मराठीत सांगितलं. गाळायचं नाही, असं शिकले होते.

सून म्हणाली, "अगं, काय बोलतेस हे? सणाचा दिवस आहे."

मिस रूबी गुडघ्यांवर हात देऊन उठल्या. पानावर पुरणपोळी तशीच. आईंना म्हणाल्या, "मघाशी तुम्ही कुणासाठी रडलात?" मी तेही सांगितलं. मिस रूबी बाहेर पडल्या, मी मागोमाग. फाटकापाशी मिस रूबींनी मला मिठी मारली. मला मिठी नको होती. त्या दोन दिवसांत विमानात बसणार होत्या. मला इथेच राहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार स्वतः लावलं.

"आई रात्रभर झोपली नाही."

मी समोरच्या खुर्चीत बसले.

"हे बघ, मी जात मानत नाही. तुला माहीत आहे. पण आई जुन्या वळणाची. तू सांभाळून घ्यायचं होतंस. पाहुण्यांसमोर शोभलं का ते?" मग कोरा कागद पुढे सरकवला. "दोन ओळी लिहून दे. भाषांतरात गडबड झाली, गैरसमज झाला. मी मिस रूबींना मेल करतो. आणि तुझं काम आजच मोकळं करतो."

प्रबंध शेजारीच होता. वर पेन ठेवलेलं.

मी कागद घेतला. तिथेच बसून लिहिलं. कोण काय म्हणालं ते आधी मराठीत, मग इंग्रजीत. शेवटी आत्ता केबिनमध्ये सर काय म्हणाले तेही. खाली लिहिलं, भाषांतरात चूक नाही. गाईड बदलून मिळावा.

सर म्हणाले, "तुझं करिअर संपेल."

तो कागद घेऊन मी विद्यापीठाच्या ऑफिसच्या खिडकीवर गेले. कारकुनानं वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. "बेन, विचार करीने आपो छो ने?" विचार करून देताय ना, असं त्यानं गुजरातीत विचारलं.

"हो. मिळाल्याचा शिक्का मारा."

त्यानं शिक्का मारला. माझ्याकडच्या झेरॉक्सवरही मी मारून घेतला.

सहा महिने झाले. नवा गाईड मिळालेला नाही. विभागातले लोक मला बघून रस्ता बदलतात. सरांनी मध्ये निरोप धाडला, अर्ज मागे घे, सही देतो. मी अर्ज मागे घेतलेला नाही. घेणार नाही. पदवी अडवतील, अडवू देत. यापुढे त्यांची लाज मी माझ्या तोंडानं झाकणार नाही.