आचाऱ्याच्या आईचा फोन

आमचा आचारी कांदा चिरताना कांद्याकडे बघायचाच नाही. तोंड आमच्याकडे, गप्पा क्रिकेटच्या आणि सुरी आपली खटाखट चाललेली. सिडनीतल्या टूनगॅबीच्या त्या घरात आम्ही पाच जण राहायचो. चौघे अकाउंटिंगवाले, हा एकटा कुकरीच्या कोर्सला. तेव्हा कुकरी केली की पीआर, म्हणजे तिथे कायमचा राहायचा परवाना, मिळतो म्हणून ज्याला चहा येत नाही तोही स्वयंपाक शिकायला निघाला होता. याला मात्र खरोखरच येत होतं!

पाचही जण आल्याशिवाय तो कुणाला ताटाला हात लावू देत नसे. "हॉस्टेल आहे का हे? घर आहे. बसा गुपचूप." मी एकदा उभ्याउभ्या पोळी खाल्ली, तर पठ्ठ्याने हातातून काढून घेतली.

मग एका रेस्टॉरंटमध्ये त्याच्या डबल शिफ्ट सुरू झाल्या. तिथल्याच कुणीतरी त्याला आइस नावाचं ड्रग दिलं. "झोपच लागत नाही रे, तीन-तीन दिवस काम करतो मी!" त्याने हे कौतुकाने सांगितलं आणि मी मूर्खासारखा हसलो.

पुढे तो रांधायचा, पण जेवायला बसायचाच नाही. मग रांधणंही सुटलं. गालफडं बसली, दात किडले, खाजवून खाजवून हातांवर जखमा झाल्या. एका दुपारी त्याने छताचा स्मोक अलार्म उचकटून ओल्या टॉवेलात गुंडाळला. "यातून बघतात ते मला," म्हणाला. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. नेलं नाही. कुठेतरी नाव नोंदलं जाईल, व्हिसा जाईल, पीआर बोंबलेल, ही आम्हा चार दीडशहाण्यांची अक्कल!

रविवारी दुपारी साताऱ्याहून त्याच्या आईचा फोन यायचा. तो घ्यायचा नाही, म्हणून मी घ्यायचो. "काकू, शिफ्टला गेलाय." "काकू, लायब्ररीत आहे, असाइनमेंट आहे." इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. एकदा त्या म्हणाल्या, "बाळा, खरं सांग. त्याचं काही बिनसलंय का? हे उद्या निघतील आणि घेऊन येतील त्याला. आम्हाला नको तो पीआर." आचारी समोरच बसला होता, हात जोडून. एकच सेमिस्टर उरलं होतं. मी म्हणालो, "छे हो काकू! एकदम मजेत आहे."

दोन महिन्यांनी तो पोलिसांना हायवेवर अनवाणी सापडला. वडील आले तेव्हा तो हॉस्पिटलात होता आणि त्याने वडिलांना ओळखलं नाही. ते त्याला घेऊन गेले. जाताना आमच्यापैकी कुणाशीही बोलले नाहीत.

मला पीआर मिळाला, केलीव्हिलला घरही झालं. साताऱ्याला जायला मात्र बारा वर्षं लागली. वडील गेले होते. उपचार तीनदा झाले होते, पण सुटला की तो पुन्हा नशेचं काहीतरी शोधून काढतोच. काकू दळणाला जातानाही बाहेरून कडी घालतात. मी समोर बसलो, तर तो भिंतीकडे तोंड करून कुणाशी तरी भांडत राहिला. मला राहवलं नाही. काकूंचे पाय धरले. "काकू, तेव्हा मी खोटं बोललो."

"ठाऊक होतं मला," त्या म्हणाल्या. "तुझ्या आवाजातच कळलं होतं. पण तू मजेत आहे म्हणालास, आणि मला तेवढंच ऐकायचं होतं रे. मी पुन्हा विचारलंच नाही."