नऊ विमानं एका फोटोत

बदलापूरहून सकाळी सातला निघालो तेव्हा व्हॅनमध्ये मी, एक कॅमेरा आणि छत्तीस फोटोंचा एकच रोल, एवढाच लवाजमा होता. डिजिटल कॅमेरे नुकते आले होते, पण माझ्या दारी नाही. मी लग्नांचे फोटो काढणारा माणूस. मुंबईच्या चौपाटीवर हवाई दलाची नऊ विमानं कसरती करणार होती, आणि नऊच्या नऊ एका फोटोत आणायचं वचन मी अंबरनाथच्या काकूंना देऊन बसलो होतो. त्यांचा विलास त्या विमानांचा मेकॅनिक. गुडघ्यांमुळे काकूंना येता येत नव्हतं. "पोरगं कशापायी घर सोडून गेलं, ते मला बघू दे एकदा," म्हणाल्या होत्या.

अंबरनाथला सदाकाका, म्हणजे विलासचे वडील, गाडीत चढले. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, चेहरा मात्र सुतकी. पोराने इथल्या कारखान्यातली नोकरी नाकारली, तेव्हापासून ते त्याच्याशी मोजकंच बोलत. "मी आपला तुझ्या सोबतीला येतोय हं," त्यांनी दोनदा बजावलं.

उल्हासनगरला लांबचं टिपणारी लेन्स मागून घ्यायची होती. दुकानदार सिंधी शेठ हसायलाच लागला. "साईं (हे त्यांचं आदराचं संबोधन), शादीवाला आदमी प्लेन कैसे पकडेगा? दुल्हन रुकती है, वो नहीं रुकेगा!" वर दाल-पकवान (चण्याची डाळ आणि कडक तळलेली पुरी) खाऊ घातलं. काकांनी तीन पकवान हाणले आणि मुंबई येईपर्यंत ढेकर देत राहिले.

चौपाटीवर ही गर्दी! काका माझ्यापासून दहा-बारा हात लांब, एका कठड्यावर जाऊन बसले. पहिलं विमान डोक्यावरून गेलं आणि मी दचकून भर उन्हात फ्लॅश मारला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, पायलटचे डोळे मिटतील ना!"

मग नऊही आली, पंखाला पंख लावून, मागे धुराच्या रेघा सोडत. अहाहा! काय देखणं दृश्य होतं! लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि तिथेच माझा घात झाला. लग्नात शेवटचं मंगलाष्टक संपून टाळ्या पडल्या की माझा कॅमेरा नवरा-नवरीला सोडून आपोआप पाहुण्यांकडे वळतो. रडणारी आई, डोळे पुसणारा मामा, हेच फोटो लोक मागून नेतात. पंधरा वर्षांची खोड ती! दर टाळीला मी गर्रकन वळलो आणि खटाखट माणसं टिपली. भानावर आलो तेव्हा रोल संपला होता. मेलो, म्हटलं.

चार दिवसांनी फोटो घेऊन अंबरनाथला गेलो. विमान एकच, तेही शेपटीपुरतं. बाकी सगळी आ वासलेली तोंडं. मी काकूंपुढे कान पकडले. "चुकलो काकू. मला माणसांपलीकडे काही काढताच येत नाही बघा."

काकू एकेक फोटो बाजूला ठेवत होत्या. एका फोटोवर थांबल्या. कठड्यावर सदाकाका उभे, टोपी हातात, मान वर, आणि दोन्ही गालांवरून पाणी ओघळतंय.

"धूर गेला डोळ्यांत," काका घाईघाईने म्हणाले.

"एवढ्या उंचावरून?" काकूंनी विचारलं. मग तो फोटो माझ्या हातात दिला. "हा मोठा करून दे. विलासला पाठवायचाय. विमानं काय, तो रोजच बघतो."