मिलिंदने पोराला काढलं नाही

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी मस्कतजवळ सीबच्या मासळीबाजारात एका सुरमईवरून विक्रेत्याशी वाद घालत होतो. सुरमई माझ्यापेक्षा उंच होती. खोटं वाटत असेल तर राहू दे, पण खांद्यापर्यंत तरी नक्की येत होती. पुण्याहून सुजाता वहिनी बोलत होत्या. "भाऊजी, हे गेले." एवढंच. मी भर बाजारात ओरडलो, "असा कसा जाईल? मला न सांगता?" म्हाताऱ्या विक्रेत्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, सुरमई बाजूला ठेवली आणि आपल्या स्टुलावर मला बसवलं. आज काही आठवडे झाले, तरी माझं म्हणणं तेच आहे. मिलिंद कुठलीही गोष्ट भांडल्याशिवाय मान्य करणाऱ्यातला नव्हता. एवढी मोठी गोष्ट त्याने मुकाट मान्य केली असेल, हे मला कोणीतरी पटवून दाखवावं.

आम्ही रुसैलच्या एका पंपांच्या कारखान्यात होतो. तो डिझाइनमध्ये इंजिनिअर, मी स्टोअरला. सीबला एकाच इमारतीत राहायचो, एकाच गाडीने जायचो. रोज सकाळी खालून "जय भीम, सावंत! यल्ला, चल!" अशी हाक यायची, की गच्चीवरची कबुतरं उडायची ती थेट ओमानच्या दुसऱ्या टोकाला, सलालाला जाऊन टेकायची. तो नवा असताना, नव्वदचं दशक संपता संपता, तेव्हाच्या मॅनेजरने त्याला सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "तुझ्यात मला फारसं काही दिसत नाही." दुसरा कोणी बॅग भरून मोकळा झाला असता. हा म्हणाला, "तुम्ही फार लवकर बघताय, सर." मॅनेजर आले, गेले, हा तिथेच राहिला. पण ते वाक्य माशाच्या काट्यासारखं त्याच्या घशात कायमचं अडकलं… गिळता येईना, थुंकता येईना.

मग दोन हजार सालानंतर कधीतरी रॉय आला. अमेरिकन, प्रॉडक्शनचा मुख्य, दारातून आत येताना दाराला रुंद व्हावं लागेल असा देह. त्याने येताना आपला फुटबॉल आणला. हा फुटबॉल पायाने क्वचितच खेळतात. चेंडू सोललेल्या नारळासारखा. एकजण लांबवर फेकतो आणि दुसरा जिवाच्या आकांताने पळत जाऊन तो झेलतो. या पळणाऱ्याला रिसीव्हर म्हणायचं. रॉयने ऑफिसात या खेळाची लीग काढली. अमेरिकेतल्या खऱ्या खेळाडूंतून प्रत्येकाने आपापला काल्पनिक संघ निवडायचा. ते तिकडे झेलणार, गुण इकडे आपल्याला. लीगमध्ये सगळे गोरे साहेब, एक गोव्याचा अकाउंटंट आणि आमचा मिलिंद. नियम एकच कडक: जो शेवटचा येईल त्याची जागा पुढच्या वर्षी दुसऱ्याला. त्या लीगच्या टेबलाशी मिलिंद रॉयला रॉय म्हणायचा, त्याच्या निवडीला मूर्खपणा म्हणायचा, आणि रॉय ऐकून घ्यायचा. कारखान्यात दुसरीकडे कुठे हे चालायचं नाही. त्या जागेची किंमत मी तुम्हाला काय सांगू!

निवड तेव्हाच्या गुरुवारच्या सुट्टीला, मस्कतमध्ये कुरुमला रॉयच्या घरी व्हायची. त्याआधी महिनाभर मिलिंदच्या हॉलमध्ये आमची बैठक. रॉयकडच्या कॅसेट लावून हा खेळाडू पारखायचा, आणि कसा? नव्या सुनेसारखा! एका कोवळ्या रिसीव्हरवर त्याचा जीव जडला होता. कॉलेजातून नुकता आलेला, हातपाय नुसते बांबू.

"बघ सावंत, अंगात गुण आहेत. पण घर कसं पडलंय बघ. वर दोन थोरल्या जावा बसल्यात. म्हणजे ते दोन जुने रिसीव्हर. आणि चेंडू फेकणारा म्हणजे खाष्ट सासू. सवयीच्या हातातच देणार. पहिल्या वर्षी याच्या हाती कोण काय देतंय!"

"मग कशाला घेतोस?"

"जावा कधीतरी वेगळ्या होतातच की."

आतून वहिनी म्हणाल्या, "अमेरिकेतल्या सुनेचं बरं कळतं हो तुम्हाला. माझ्या हाती किल्ल्या कधी आल्या, ते सांगा भाऊजींना!"

मिलिंदने टीव्हीचा आवाज वाढवला.

पोरगा घेतला, आणि त्या हंगामात त्या पोराने आम्हाला धुळीला मिळवलं. चेंडू क्वचित यायचा, आला की हातातून निसटायचा. मस्कतच्या डोंगरावरून हाका मारून सावध केलं असतं तरी त्याने सोडला असता. सोमवारी सकाळी निकाल कळायचे आणि कँटीनमध्ये रॉय म्हणायचा, "मिलिंद, काढ त्याला. आकडे बघ. त्याच्यात काही नाहीये." हे वाक्य ऐकलं की मिलिंदचा चेहरा दगडाचा व्हायचा. "अर्धा हंगाम बघून तू माणूस मोजतोस?"

शेवटच्या आठवड्यात गोव्याचा अकाउंटंट आणि मिलिंद तळाला. मिलिंदकडे एक जुना, खात्रीचा रिसीव्हर बाहेर बसलेला होता. त्याला खेळवला की जागा वाचत होती, हे स्टोअरवाल्या मलाही कळत होतं. मी गाडीत हात जोडले. "या एका आठवड्यापुरतं बसव रे पोराला. तुझी जागा जाईल."

"जाऊ दे. मला बसवणारे पुष्कळ भेटले, सावंत. मी कोणाला बसवणार नाही."

पोरगा खेळला. एक झेल असा घेतला की हवेत आडवा होऊन जरा डुलकी काढून खाली आला असावा. दुसरा, साधा, सोडला. खलास! मिलिंद शेवटचा. रॉय मनाने मोठा, म्हणाला नियम वाकवू. मिलिंद म्हणाला, "माझ्यासाठी नको." आणि टेबलावरून उठला.

पुढच्या वर्षी थोरल्या जावा दुसऱ्या संघांत गेल्या, चेंडू फेकणारा बदलला, आणि पोरगा असा सुटला की सगळ्या लीगमध्ये त्याच्यासाठी हाणामारी. तो मिळाला रॉयला. मिलिंदला संघच नव्हता. तरी दर सोमवारी हा कॉलर ताठ करून कँटीनमध्ये हजर.

"काय म्हणतोय माझा पोरगा?"

"तुझा? माझ्या संघात आहे तो!"

"तुझ्याकडे ठेवलाय रॉय. पोरगा माझा."



गेल्या वर्षी दुखणं निघालं. मस्कतच्या डॉक्टरांनी हातचं काही न राखता सगळं सांगितलं. हा त्यांनाच म्हणाला, "तुम्ही रिपोर्ट बघताय. मैदानात मी आहे." उपचाराला पुण्याला गेला आणि डॉक्टरांनी दिलेली मुदत ओलांडून वर अंमळ जास्तच राहिला. फोनवर हसायचा, धाप लागायची, थांबायचा… आणि पुन्हा मलाच शिव्या द्यायचा. म्हणून सांगतो, हरला वगैरे कोणी म्हणू नये. निदान माझ्यासमोर तरी.

या हंगामात लीगमधली एक जागा रिकामी झाली आणि रॉयने मला बोलावलं. मला त्या खेळातलं अजूनही निम्मं कळत नाही. कुरुमला सगळ्यांनी मोठमोठी नावं उचलली; मी एक काटकुळा नवा पोरगा उचलला, ज्याच्या घरात दोन नव्हे, तीन जावा आहेत. टेबलभर हसले. हसला नाही तो फक्त रॉय. आजवर त्या पोराने मला मोजून दाखवावं असं काहीही दिलेलं नाही, आणि मी तळाशी आहे.

दर सोमवारी मी कँटीनमधून निघालो की पुण्याहून वहिनींचा फोन येतो. या सोमवारीही आला. "पोरानं काय केलं?"

"शून्य, वहिनी. रॉय म्हणतो, काढ."



"भाऊजी, काढलंत तर माझ्याशी गाठ आहे!"