अळूसाठी निर्धोक लाकूड

लाकूड निर्धोक आहे की नाही हे ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही, असं मला गेल्या पावसाळ्यापर्यंत वाटत होतं.

आम्ही डोंबिवलीत तळमजल्यावर राहतो. मागच्या दारी दोन पलंग मावतील एवढी माती आहे (सोसायटी तिला मोकळी जागा म्हणते, आम्ही बाग म्हणतो). त्या मातीत सासूबाईंचा अळू आहे, गावाहून आणलेला. ऋषीच्या भाजीला त्यांना बाजारचं पान चालत नाही, आणि नणंदेचं सगळं कुटुंब ऋषिपंचमीला कल्याणहून जेवायला येतं ते त्या भाजीसाठीच. मे महिन्यात सासूबाई नणंदेकडे राहायला निघाल्या, तेव्हा दारातून म्हणाल्या, "वर्षा, बाकी काही जळलं तरी चालेल. अळू जळता कामा नये."

ऊन असं, की सकाळी घातलेलं पाणी दुपारी नाहीसं! मी मोबाइलवर वाचलं, मातीवर लाकडाच्या ढलप्या पसरल्या की ओल टिकते. इथवर सोपं होतं. पण मी पुढेही वाचलं. प्लायवूडच्या ढलप्या नकोत, रंगवलेल्या नकोत, पॉलिशच्या नकोत, आणि वाळवीचं औषध मारलेलं लाकूड तर खायच्या भाजीजवळ नेऊच नये.

तिसऱ्या मजल्यावर फर्निचरचं काम चालू होतं. तिथल्या रामलाल मिस्त्रीने आनंदाने एक गोणी भरून दिली.

"यात काय काय आहे?" मी विचारलं.

"लकडी आहे, भाभी."

"कसली?"

"प्लाय आहे, एमडीएफ आहे, सनमायका आहे."

"मग लाकूड कुठे आहे?"

त्याने गोणीत डोकावून पाहिलं, आणि त्यालाही ते सापडलं नाही.

मग नवऱ्याला विठ्ठलवाडीच्या एका वखारीत पाठवलं. तो घामाघूम होऊन दोन पोती ढलप्या घेऊन आला. कसल्या लाकडाच्या, विचारलं तर म्हणे मिक्स.

"औषध मारलेलं नाही ना?"

"विचारलं मी. तो म्हणाला, हवं असेल तर मारून देतो."

पोती परत गेली. (नवराही परत गेला, पोत्यांबरोबर.) तेवढ्यात शेजारच्या प्रधानकाकूंनी कुंपणावरून बजावलं, की बिनऔषधाच्या ढलप्या टाकल्या तर वाळवी लागेल आणि अळूवरून थेट आमच्या सोफ्यात शिरेल. म्हणजे औषध असेल तर भाजी जाणार, नसेल तर सोफा! माझं डोकं इतकं फिरलं, की मातीवर पसरायला शहाळेवाल्याकडे सोलपटं मागितली, तर त्यांचीही मी उलटतपासणी घेतली. तो गाडी घेऊन दुसऱ्या गल्लीत गेला, तो गेलाच.

इकडे अळूची पानं कडेने पिवळी पडायला लागली. आणि मग, पंख्याचं खोकं काढायला माळ्यावर चढले, तर मागे गोणपाटात गुंडाळलेली एक जाड फळी. रंग नाही, पॉलिश नाही. सुरीने खरवडलं, आत हळदीसारखं पिवळं. नवरा म्हणाला, बाबांनी गावाहून आणली असेल, त्यांना काहीही आणायची सवय होती. सासूबाईंना फोन करावा असं एकदा मनात आलं, पण मग अळूची चौकशी झाली असती. रामलालने फळी हुंगली, ठोकली.

"फणस आहे, भाभी. असा माल आता मिळत नाही. रंधा मारून ढलप्या करू? पक्का?"

"मारा," मी म्हणाले. इतक्या ठामपणे मी लग्नालाही हो म्हटलं नव्हतं.

पिवळ्याधमक ढलप्या पसरल्या आणि अळू असा उठला, की जूनअखेर पानं सुपाएवढी झाली. सासूबाई परत आल्या त्या पिशवी हातातच ठेवून मागच्या दारी गेल्या. खूश होत्या. खाली वाकून त्यांनी एक ढलपी उचलली, हुंगली.

"फणस ना गं? कुठून मिळवलास?"

"घरातलाच आहे."

"बरं केलंस. आता माळ्यावरून गणपतीचा पाट काढ. मूर्तिकाराकडे मूर्ती सांगायची, म्हणजे पाट आधी नेऊन द्यायला हवा. गोणपाटात आहे बघ. खालच्या पट्ट्या ढिल्या झालेल्या, म्हणून मी काढून ठेवल्यात."

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने अळूकडे पाहिलं. (आम्ही दोघांनी तो पाट आजवर फक्त लाल कापडाखाली, मूर्तीसकट पाहिला होता.) मग सासूबाईंनीही अळूकडे पाहिलं, आणि हळूच हातातली ढलपी खाली ठेवली.

मी बोलणी खायची तयारी केली. त्या म्हणाल्या, "पाटाचं जाऊ दे. दुसरा करता येईल. पण वर्षा, ही भाजी आता कोण खाणार? तुझे सासरे दर दिवाळीला त्या पाटाला वाळवीचं औषध पाजायचे. पाजायचे म्हणजे अक्षरशः! माळ्यावरची झुरळंसुद्धा मरायची."

अख्ख्या डोंबिवलीच्या लाकडाची चौकशी केली होती मी. घरातलं सोडून.

त्या वर्षी गणपती रामलालने घाईने केलेल्या प्लायवूडच्या पाटावर बसले. ऋषीची भाजी मंडईतल्या अळूची झाली. नणंदेने तीनदा वाढून घेतली आणि म्हणाली, "आईच्या अळूची चव बाहेरच्याला नाही." सासूबाई आणि मी ताटात बघून जेवलो.

अळू अजून जोरात आहे. कोणी खात नाही, त्यामुळे वाढायला मोकळा. वाळवी कुंपणाच्या आत फिरकलेली नाही. ते बघून प्रधानकाकू परवा विचारायला आल्या, त्यांच्या मिरच्यांना कुठलं लाकूड चांगलं. मी आता लाकडाचं काही विचारत नाही. एवढंच विचारलं, "तुमचा गणपतीचा पाट कुठे ठेवलाय?"