विंगेटसाहेबांचा मागचा बाक

आमच्या गावात माणसाची किंमत प्रार्थनाघरातल्या बाकावरून कळते. कोण पुढे, कोण मागे ते पंच ठरवतात, आणि त्यावरून शेजारणींचं बोलणं बंद होतं. न्यायाधीश ओबेडाया विंगेट सगळ्यात पुढे बसायचे. मेहिताबेल क्रॉसबी सगळ्यात मागे, दाराच्या फटीशी, एकटी. तिच्या आईला साहेबांनीच चेटकीण ठरवून फासावर चढवलं होतं. पुरावा काय, तर शेजारच्या पोरींना तिची सावली येऊन चावली.

काही वर्षांनी, सगळ्या गावाच्या उपासाच्या दिवशी, साहेब प्रार्थनाघरात जागेवर उभे राहिले आणि पाद्रीबुवांनी त्यांची कबुली वाचली. निरपराध बाईचा जीव गेला, दोष माझा. पुढच्या रविवारी पंचांना न विचारता ते मेहिताबेलच्या बाकावर जाऊन बसले.

गावाला हे पचणार कसं?

"निवडणूक जवळ आली असेल," लोहार म्हणाला.

"निवडणूक कसली? तिच्यावर नजर ठेवायला बसलाय तो," हेप्झिबा स्टॉडरबाई म्हणाल्या. "प्रार्थनेत तिचे ओठ हलतात का, ते बघतोय. चेटकिणीला प्रार्थना म्हणता येत नाही ना."

मला दोन्ही पटलं. मागे वळून बघता बघता माझी मान आखडली.

मेहिताबेललाही संशय होताच. साहेब हळूच म्हणायचे, "बाई, क्षमा करा, दुसरं काही मागत नाही." ती म्हणायची, "आईकडे मागा," आणि भिंतीकडे तोंड करायची. तरी साहेब दर रविवारी हजर.

पुढे साहेबांच्या डोक्यात नवंच शिरलं. माणसं विकत घेणं पाप आहे, असं ते बंदरावर, दुकानात, जिथे तिथे सांगू लागले. गुलाम आणणाऱ्या जहाजांचे कप्तान त्यांना बघून रस्ता बदलू लागले. एकदा प्रार्थनाघराबाहेर हेच चाललं होतं, तेव्हा मेहिताबेल मध्येच म्हणाली, "साहेब, तुमचा घोडा धरून उभा आहे तो कोण?"

तो क्वामिनो. साहेबांचाच गुलाम.

"तो घरचाच आहे," साहेब चाचरले. "त्याला काही कमी नाही."

"त्याला विचारलंत?"

साहेबांचा चेहरा उतरला. ते क्वामिनोकडे वळले. "तुला सुटायचंय का रे?"

"सुटायचंय. पण असं दारात नको, साहेब. उद्या तुमचं मन पालटलं तर मी कुणाला साक्षीला बोलावू? त्या दिवशी उभे राहिलात ना, तसे उभे राहा."

पुढच्या रविवारी साहेब पुन्हा उभे राहिले. पाद्रीबुवांनी क्वामिनोची सुटका सगळ्यांसमोर वाचली.

"म्हातारा झालाय तो. खायला घालायला नको, म्हणून सोडला," हेप्झिबाबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. क्वामिनो तेव्हा एकटा पिंप उचलायचा.

थंडी अशी की प्रसादाच्या ताटातला पाव गोठून दगड झालेला. साहेब खाली बसले ते कुडकुडतच. मेहिताबेलच्या पायाशी निखाऱ्यांची डबी होती. तिने ती पायाने सरकवून दोघांच्या मध्ये आणली.

"क्षमा केलीत?" साहेबांनी विचारलं.

"पाय शेका," ती म्हणाली.

"तिला चटका बसला असेल," हेप्झिबाबाई म्हणाल्या. मीही मान डोलावली. पण पुढच्या रविवारी डबी मध्येच होती, आणि त्याच्या पुढच्याही. मी बघतच होतो ना.