मुठीला लावलेलं तेल

पगाराच्या दिवशी बँकेतून रोकड आणताना गाडीत हत्यारबंद माणूस लागे. आमच्या चिंचवडच्या कंपनीत ते काम माझ्याकडे होतं. त्या माणसाला रात्रपाळी नसे, म्हणून मला ते सोडायचं नव्हतं. भोसरीत माझी भाड्याची खोली पत्र्याची, दिवसा तापणारी होती. आधीची काही वर्षं रात्रपाळी करून मी तिथे दिवसा झोपायचा प्रयत्न केला होता. पुन्हा ते अंगाला झेपणार नव्हतं.

दरवर्षी दसऱ्यानंतर नेमबाजीची परीक्षा होई. सहापैकी निदान चार गोळ्या लागल्या नाहीत तर रिव्हॉल्व्हर दुसऱ्याकडे आणि आपण रात्रीच्या गेटवर.

त्या वर्षी कंपनीने बुशशर्टाखाली लपेल असं आखूड रिव्हॉल्व्हर घेतलं. काडतूस जुन्याच ताकदीचं, वजन मात्र निम्मं. जुन्याचा धक्का दंडापर्यंत जाऊन विरायचा. याचा मनगटातच अडकायचा, उघड्या तळव्यावर छडी बसावी तसा. मूठ इतकी लहान की करंगळीला जागाच नव्हती. सगळ्यात वाईट म्हणजे, एकदा झोडपलेला हात पुढच्या वेळी आवाजाआधीच दचकतो आणि नेम खाली जातो.

खंडेनवमीला शॉपमधल्या मशिनींची पूजा झाली. आमच्या सिक्युरिटी केबिनमधल्या भोसरीच्या जोडीदाराने रिव्हॉल्व्हरही पाटावर मांडलं.

"लेथला मान, अन् हिला न्हाई व्हय? तेलाचं बोट लावतो, राव."

त्याने मायेने तेल, हळद-कुंकू लावलं. दसरा झाल्यावर मी नळी पुसली, घोडा तपासला. मुठीचं लाकूड तेल प्यायलंय हे ध्यानात आलं नाही.

मैदानावर पहिली गोळी सुटली आणि मूठ तळव्यात गर्रकन फिरली. मागच्या घोड्याचं टोक अंगठ्याच्या बेचक्यात घुसलं. गोळी कुठे गेली कोण जाणे.

परीक्षा घेणारे निवृत्त सुभेदार जवळ आले. मुठीला बोट लावून त्यांनी वास घेतला.

"अभ्यंगस्नान घातलंत की काय हिला?"

"पूजा केली होती, साहेब."

"मग नैवेद्य तुमच्याच हाताचा घेतला तिने. माती चोळा मुठीला. पाच राहिल्यात."

रिकामं करून माती चोळली, पुसली, रुमालाने बेचकं बांधलं. पुढच्या प्रत्येक गोळीला तोच घाव पुन्हा उघडत होता. दोन गोळ्यांनंतर नेम धरण्याचाही कंटाळा आला. हे एकदाचं संपावं, एवढंच वाटत होतं. एक चुकली, चार लागल्या.

घरी बायकोने चहाचा कप पुढे केला. उजव्या हाताने उचलेना, म्हणून डाव्याने घेतला.

"राहिली ना दिवसपाळी?"

"राहिली."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुन्हा हेच."

तिने माझा हात उलटा करून बघितला आणि हळदीचा डबा काढला. मी म्हटलं, "हळद चालेल. तेल नको."

त्या रात्री हात ठणकत होता, तरी मी सकाळपर्यंत झोपलो.