टॉवेलचं बाळ

वाचनालयाच्या खिडकीतून आत एक माणूस दिसला. तो गुंडाळलेल्या टॉवेलला लंगोट बांधत होता. भोवती आणखी पाच तरुण बाप, आणि फळ्यावर खडूने लिहिलेलं: ‘नव्या बापांचा कट्टा’.

माझं डोकंच तापलं. आयांना पाठ टेकायला फुरसत नाही आणि यांना कट्टा! तोही बाळांशिवाय. मी दारातूनच विचारलं, “बाळं कुठे आहेत?”

“बायकोच्या माहेरी,” टॉवेलवाला म्हणाला. “मी रविवारी जातो. बाळ रडलं की सासूबाई, मावशी, सगळ्या धावतात. मला म्हणतात, जावईबापू, तुम्ही बसा, चहा घ्या.”

“आणि तुम्ही घेता.”

“दोन-दोन कप घेतो हा, ताई!” शेजारचा हसला.

टॉवेलवाला हसला नाही. “उद्या दोघींना घरी आणायचंय. पोरगी दोन महिन्यांची झाली, अजून मी तिला एकट्याने उचललेलं नाही.”

तेवढ्यात टॉवेलचं टोक त्याच्या हातावरून मागे कलंडलं. “मान! मान धर!” सगळे ओरडले. त्याने दचकून टॉवेल छातीशी घेतला. मग तळहात मानेखाली सरकवला.

हे सगळं टॉवेलपुरतंच राहील, हा माझा संशय गेलेला नाही. आपण बापाला पाहुणा करतो हे खरं, पण पाहुणा असणं किती सोयीचं असतं, हेही त्या कपांना ठाऊक आहे. टॉवेल रडत नाही, शी करत नाही.

निघताना मी त्याला एवढंच म्हणाले, “उद्या चहा आला तर कप घेऊ नका. हात मोकळे ठेवा.”